सर्व्हिसिंगनंतर तोच बिघाड पुन्हा पुन्हा : गाडीच्या सॉफ्टवेअर अपडेटचा माग कसा काढावा

गाडी सर्व्हिसिंगला देताना तिची काही तक्रार नसते. तेल आणि फिल्टर बदलणे, ब्रेक साफ करणे, एवढेच काम सांगितलेले असते. संध्याकाळी गाडी हातात येते आणि दोन-चार दिवसांत काहीतरी नवेच सुरू होते. फोन स्क्रीनशी जोडलेला राहत नाही, ऑटोमॅटिक गाडी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना हिसका देते, काच एका दाबात वर जात नाही, घड्याळ भलतीच वेळ दाखवते, किंवा सकाळी गाडी सुरूच होत नाही. वर्कशॉपला फोन केला की “सर, सिस्टीमवर अपडेट दाखवत होते, ते टाकले आहे, थोडी चालवा, सेट होईल” असे उत्तर मिळते. गाडी परत नेली तर फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले दोषांचे क्रमांक, पुसून ती हवाली केली जाते आणि पुढच्या सर्व्हिसिंगनंतर हाच प्रकार पहिल्यापासून सुरू होतो. डिचोलीपासून मडगावपर्यंत ओळखीच्या अनेक गाडीमालकांकडून ही तक्रार मी ऐकत आलो आहे, आणि त्यांच्यासोबत गाड्या तपासताना एक गोष्ट पक्की झाली आहे : बहुतेक वेळा दोष नव्या सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तर ते टाकताना जे सांभाळायचे असते ते सांभाळले न जाण्यात असतो. म्हणून “जुने सॉफ्टवेअर परत टाकून द्या” असा आग्रह धरण्यापूर्वी पुढील क्रमाने तपास करावा. जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बहुतेक कंपन्यांनी तशीही बंदच ठेवलेली असते.

अपडेट नेमके कशाचे झाले?

“सॉफ्टवेअर अपडेट केले” हे उत्तर अपुरे आहे, कारण साध्या हॅचबॅकमध्येही अनेक छोटे संगणक, म्हणजे मोड्यूले, असतात. इंजिनाचा वेगळा, ऑटोमॅटिक गिअरचा वेगळा, एबीएसचा आणि एअरबॅगचा वेगळा, दिवे-दारे-काचा सांभाळणारे बॉडी कंट्रोल मोड्यूल वेगळे, मीटरचा आणि मधल्या स्क्रीनचा आणखी वेगळा. हे सगळे कॅन नावाच्या ज्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात, ते बॉश कंपनीने १९८६ मध्ये प्रथम मांडले. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी पोर्टला वर्कशॉपचा स्कॅनर जोडला की तो कंपनीच्या सर्व्हरवर गाडीचा सतरा अक्षरी चासी क्रमांक पाठवतो आणि कोणत्या मोड्यूलसाठी नवी आवृत्ती उपलब्ध आहे हे दाखवतो. टेक्निशियन त्यातली एक टाकेल, सगळ्या टाकेल किंवा वेळ कमी पडला तर अर्ध्यावर थांबेल; जॉब कार्डावर मात्र “एस/डब्ल्यू अपडेट – ओके” एवढीच ओळ उमटते.

त्यामुळे पहिली मागणी ही असावी की कोणत्या मोड्यूलची कोणती आवृत्ती होती आणि आता कोणती आहे, हे लेखी द्यावे. स्कॅनर हा अहवाल स्वतः तयार करतो. तो छापून किंवा पीडीएफ करून देणे वर्कशॉपला जड नाही. स्क्रीनपुरती आवृत्ती आपल्यालाही दिसते. सेटिंग्जमध्ये सिस्टीमची किंवा उपकरणाची माहिती या नावाचे पान असते, त्याचा फोटो सर्व्हिसिंगला जाण्याआधी आणि गाडी ताब्यात घेताना काढून ठेवावा. दोन्ही फोटोंत आकडा एकच असेल आणि तरीही फोन तुटत असेल, तर स्क्रीनच्या अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही. कारण अन्यत्र शोधावे लागेल.

इंजिनाच्या अपडेटची गोष्ट जरा निराळी आहे, कारण त्यात धूर, मायलेज आणि ओढ हे तिन्ही गुंतलेले असतात. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतातल्या ३,२३,७०० डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले, तेव्हा उपायाचा मुख्य भाग इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलणे हाच होता. असा अपडेट सेवा मोहिमेचा किंवा रिकॉलचा भाग असेल, तर जॉब कार्डावर त्या मोहिमेचा क्रमांक असतो आणि त्यासाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग यांच्याशी संबंधित मोहिमेचा अपडेट कधीही नाकारू नये. संमतीचा प्रश्न उरलेल्या अपडेटपुरता आहे.

बॅटरी : सर्वांत आधी आणि सर्वांत नीट

माझ्या मते निम्म्याहून अधिक गोंधळ इथेच उलगडतो, म्हणून या भागावर घाई करू नये.

मोड्यूलचे सॉफ्टवेअर बदलताना आधी त्याची स्मृती पुसली जाते, मग नवा मजकूर थोडाथोडा लिहिला जातो आणि शेवटी तो बरोबर उतरला की नाही याचा ताळा घेतला जातो. हे सारे इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून करावे लागते. इंजिनाचे काम काही मिनिटांत उरकते, पण स्क्रीनचा अपडेट अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक चालू शकतो, आणि तेवढा वेळ मीटर, पंखे, दिवे, स्कॅनर या सगळ्यांचा भार गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर असतो. मध्येच व्होल्टेज खाली गेले तर मोड्यूल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते. नशीब चांगले असेल तर पुन्हा लिहून ते जिवंत होते, नाहीतर बदलावे लागते. पूर्ण अडकले तर निदान लगेच कळते तरी; अधिक त्रासदायक प्रकार तो, ज्यात अपडेट पूर्ण होतो पण त्या वेळच्या कमी व्होल्टेजमुळे इतर मोड्यूलांत संपर्क तुटल्याचे कोड साचून राहतात. मग मीटरवर कधी एबीएसचा, कधी पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागतो आणि मालक त्या-त्या यंत्रणेच्या मागे लागतो.

गोव्यात ही अडचण जास्त का भेटते, याचे कारण आपल्या वापरात आहे. रोजच्या कामाला स्कूटर आणि गाडी फक्त रविवारी, लग्नकार्याला किंवा चतुर्थीला, अशी असंख्य घरांची पद्धत आहे. घरातला माणूस बोटीवर किंवा आखातात असेल तर गाडी महिनोन्‌महिने पोर्चमध्ये उभी असते. अशी गाडी चतुर्थीच्या आधी घाईघाईने सर्व्हिसिंगला जाते तेव्हा तिची बॅटरी अर्धीच भरलेली असते, आणि वर्कशॉपपर्यंतच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये ती भरूनही येत नाही. त्यातच किनाऱ्यालगतच्या गावांत, वास्कोपासून काणकोणपर्यंत, खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो आणि बॅटरी चांगली असूनही वीज नीट पोहोचत नाही.

तपासण्याचा मार्ग साधा आहे. गाडी रात्रभर बंद ठेवावी आणि सकाळी दार उघडण्याआधी मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्टेज मोजता येईल अशी सोय करावी, म्हणजे बॉनेट आदल्या रात्रीच सैल सोडून ठेवावे. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू केल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ दरम्यान जायला हवा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकच वाचन पाहून निष्कर्ष काढू नये. दिवे आणि एसी चालू करून पुन्हा मोजावे.

आमच्या वाड्यावरच्या एका काकांच्या गाडीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. क्लच पेडल नसलेली एएमटी गाडी, सर्व्हिसिंगमध्ये अपडेट झालेला, आणि त्यानंतर पाऊस असला की हमखास गिअरचा दिवा लागून गाडी न्यूट्रलला जायची. वर्कशॉपने कोड पुसून ती परत दिली होती आणि पुढचे पाऊल म्हणून गिअरचा अॅक्च्युएटर, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा भाग, बदलण्याचा खर्च सांगितला होता. पोर्चमध्ये मीटर लावला तेव्हा सकाळचे वाचन १२.१ होते. ऋण टर्मिनलचा क्लॅम्प हाताने फिरत होता, आणि त्याच्याखालून चासीला जाणारी अर्थची पट्टी जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंजाची पूड बोटाला लागत होती. पावसात वायपर, दिवे, काचेवरचा ब्लोअर हे सगळे एकदम चालू झाले की व्होल्टेज घसरायचे आणि गिअरचे मोड्यूल स्वतःला सुरक्षित अवस्थेत न्यायचे. पट्टी घासून, क्लॅम्प आवळून, बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर भरून घेतल्यावर त्या मोड्यूलचे क्लच लर्निंग, म्हणजे क्लच कुठे पकडतो हे त्याला शिकवणे, पुन्हा करून घेतले, आणि त्या पावसाळ्यात दिवा परत लागला नाही. अॅक्च्युएटर होता तोच आहे.

वर्कशॉपकडून या संदर्भात एकच गोष्ट आग्रहाने मागावी : अपडेटच्या वेळी स्थिर व्होल्टेज देणारे सपोर्ट युनिट लावले होते का? साधा बॅटरी चार्जर त्याला पर्याय नाही, कारण त्याचे व्होल्टेज खालीवर होते आणि नाजूक कामाला ते मारक ठरू शकते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हाही जाते. ती गेली की सपोर्ट युनिट बंद पडते आणि सगळा भार पुन्हा गाडीच्या बॅटरीवर येतो. म्हणून बॅटरी अर्धी असताना, सपोर्ट असला तरी, अपडेटला हात घालू नये, असे मी स्पष्ट सांगेन. सुरू करतानाचे व्होल्टेज जॉब कार्डावर लिहून घेण्याची सवय लावली तर हा मुद्दा वादाचा उरत नाही.

अपडेट पूर्ण झाला, पण गाडी जुने विसरली

बॅटरी निर्दोष ठरली की पुढचा संशय विसरलेल्या शिकवणीवर घ्यावा. इंजिन आणि गिअरची मोड्यूले वापरातून काही मूल्ये शिकतात : क्लच कुठल्या बिंदूवर पकडतो, थ्रॉटलची झडप पूर्ण बंद कुठे होते, थंड इंजिनाला किती इंधन लागते. नवे सॉफ्टवेअर टाकले किंवा बॅटरीची केबल काढली की यांतली काही मूल्ये पुसली जाऊ शकतात. त्यानंतर चालू झालेली गाडी तीच असली तरी तिला झिजलेला क्लच नव्या क्लचसारखा वाटतो, आणि हिसका तिथून येतो.

“थोडी चालवा, सेट होईल” हे उत्तर इथे अंशतः खरे आहे. थ्रॉटल आणि इंधनाची बारीक मूल्ये चालवण्यातून परत येतात. त्यासाठी गाडी पूर्ण गरम होऊ द्यावी, एसी बंद आणि मग चालू ठेवून काही मिनिटे जागेवर इंजिन चालू ठेवावे, आणि नंतर गर्दीचा व मोकळा असे दोन्ही रस्ते मिळतील असा फेरा करावा. म्हापशाहून पर्वरीमार्गे पणजी आणि तिथून महामार्गाने पुढे, असा फेरा यासाठी पुरतो. परंतु एएमटी आणि ड्युअल क्लच गाड्यांमध्ये क्लचचा पकड-बिंदू शिकवण्याची प्रक्रिया सहसा स्कॅनरवरूनच करावी लागते, ती चालवून होत नाही. चढावर सुटताना गाडी मागे सरकत असेल, किंवा दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावरही हिसका तेवढाच असेल, तर “क्लच लर्निंग केल्याची नोंद दाखवा” असे म्हणावे. तपासणी सपाट रस्त्यावर करून समाधान मानू नये; टेक्निशियनला बाजूला बसवून एखाद्या खऱ्या चढावर, साखळीकडच्यांनी चोर्ला घाटाच्या पायथ्याला, गाडी थांबवून सोडून दाखवावी. तक्रार डोळ्यांसमोर घडली की जॉब कार्डावर “तक्रार आढळली नाही” असा शेरा येत नाही.

काचांचे, सनरूफचे आणि स्टिअरिंग सेन्सरचे शून्य पुन्हा बसवणे सोपे आहे. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवायचे, ही कृती बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत असते आणि ती घरी करता येते. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय, काम करत नसेल तर बॅटरीवरच्या सेन्सरला पुन्हा अंदाज येण्यासाठी गाडी कुलूप लावून काही तास स्वस्थ ठेवावी लागते. मायलेजचा आकडा पडलेला दिसला तर आधी सरासरी शून्यावर गेली होती का ते पाहावे, आणि टाकी काठोकाठ भरून पुढच्या भरण्यापर्यंतचा हिशेब स्वतः करावा. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर भांडण करू नये.

समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत लेन ओळखणारी यंत्रणा अपडेटनंतर किंवा काच बदलल्यावर बंद पडली, तर तिला कॅलिब्रेशन लागते. काही गाड्यांचे ते वर्कशॉपमध्ये फलक लावून होते, काहींचे रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवून होते; दुसऱ्या प्रकाराला ठळक पट्टे आखलेला रस्ता लागतो. गावातल्या आतल्या रस्त्यावर ते पूर्ण होणार नाही, त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ चा नीट आखलेला पट्टाच गाठावा.

एखादी सोय नाहीशी झाली असेल, म्हणजे मागच्या कॅमेऱ्यावरच्या रेषा गेल्या असतील किंवा आपोआप लागणारे दिवे लागत नसतील, तर बहुधा व्हेरिअंट कोडिंग चुकले आहे. नव्या सॉफ्टवेअरला ही गाडी कोणत्या प्रकारची आहे हे सांगावे लागते. ते सांगितलेच नाही किंवा खालच्या प्रकारचे सांगितले, तर सोय हार्डवेअरमध्ये असूनही गाडी तिला ओळखत नाही. हा दोष कितीही चालवून जाणार नाही, पण स्कॅनरवर तो अल्प वेळात दुरुस्त होतो. याउलट, ताशी ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा इशारा हा बिघाड नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना तो बंधनकारक आहे, आणि कुठल्याही वर्कशॉपला तो बंद करायला सांगू नये.

रात्रीत बॅटरी उतरते

अपडेटनंतर गाडी सकाळी सुरू होत नाही, ही तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण लोक नवी बॅटरी घेतात आणि महिन्याभरात तीही बसते. कुलूप लावल्यावर मोड्यूले एकामागून एक झोपी जातात आणि गाडीचा एकूण वीजवापर साधारण ५० मिलिअँपिअर किंवा त्याखाली येतो. एखादे मोड्यूल जागेच राहिले तर काय होते, याचा हिशेब पाहा : ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ५० मिलिअँपिअरवर कागदोपत्री जवळपास महिनाभर टिकते, तर अर्ध्या अँपिअरवर तीच बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते, आणि गाडी सुरू होण्याची ताकद त्याच्याही आधी जाते.

शोध असा घ्यावा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असल्यास तो बॅटरीच्या केबलभोवती लावावा, म्हणजे काहीच सोडवावे लागत नाही. बॉनेट उघडे असले तरी त्याचे कुलूप बंद असल्याचे गाडीला वाटावे म्हणून लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवून घ्यावा, किल्ली दूर ठेवावी आणि अर्धा-पाऊण तास थांबावे. आकडा खाली आलाच नाही तर फ्यूजच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट एकेक करून मोजावेत. ज्या फ्यूजवर वाचन दिसते त्या वाटेवरचे मोड्यूल जागे आहे. फ्यूज उपसून पाहण्याचा जुना मार्ग इथे टाळावा, कारण फ्यूज परत लावला की झोपलेले मोड्यूलही जागे होते आणि सगळे मोजमाप फसते. साधा मल्टिमीटर केबलमध्ये जोडून मोजत असाल तर १० अँपिअरचाच सॉकेट वापरावा आणि तो जोडलेला असताना गाडी मुळीच सुरू करू नये.

पाहण्यात आलेल्या गाड्यांत संशयित बहुधा स्क्रीन किंवा सिम कार्ड असलेले, मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलणारे टेलिमॅटिक्स मोड्यूल निघाले आहे. नेटवर्क न मिळणाऱ्या जागी उभी राहणारी गाडी, म्हणजे सत्तरीतल्या डोंगरालगतच्या वाड्यांवरची किंवा इमारतीच्या तळघरातली, अर्धवट उतरलेला अपडेट पूर्ण करण्याचा किंवा सर्व्हरशी संपर्काचा प्रयत्न करत राहू शकते. हे तपासायला गाडी दोन रात्री चांगल्या रेंजमध्ये उभी करावी आणि सकाळच्या व्होल्टेजची तुलना करावी. शिवाय ओबीडी पोर्टला विम्यासाठी किंवा ट्रॅकिंगसाठी लावलेले एखादे यंत्र असेल तर ते आधी काढावे. वर्कशॉपवर आरोप करण्यापूर्वी ही खात्री करून घेणे न्यायाचे आहे.

फोन, नकाशा आणि घड्याळ

फोन तुटण्याच्या तक्रारीत गाडी आणि फोन या दोघांपैकी कोण बदलले हे प्रथम ठरवावे, कारण फोनही मध्यरात्री आपोआप अपडेट होत असतो. दुसरा फोन त्याच केबलने जोडावा, मग तोच फोन दुसऱ्या केबलने. दोन्ही फोन तुटत असतील तर गाडीकडे वळावे. गाडीतून फोन आणि फोनमधून गाडी, अशी दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने जोडणी करावी. एकाच बाजूने पुसल्यामुळे हा त्रास रेंगाळलेला मी वारंवार पाहिला आहे. वायरलेस जोडणीत ओळख ब्लूटूथवर होते पण चित्र वाय-फायवरून येते, त्यामुळे फोनने घरच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायला धरून ठेवले असेल तर निघताना पहिली काही मिनिटे ती जोडणी तुटत राहते.

गाडीतलाच नकाशा जुना आहे की नवा हे ओळखायला गोव्यात उत्तम खुणा आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या झुआरी पुलाचा पहिला भाग खुला झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. कुठ्ठाळीजवळ पुलावर असताना गाडीचा बाण नदीच्या पाण्यात दिसत असेल, किंवा मोपा शोधल्यावर पेडण्यातला मोकळा माळ येत असेल, तर “मॅप अपडेट” ही बिलातली ओळ मान्य करू नये. यूएसबी ड्राइव्हने अपडेट करायचा असेल तर ड्राइव्ह गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच फॉरमॅट केलेला असावा आणि फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरची असावी.

घड्याळाचे निदान तारखेवरून होते. तारीख एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर गेली असेल तर वीज तोडली गेली होती, एवढाच अर्थ. पण ती सुमारे १९ वर्षे साडेसात महिने मागे गेली असेल तर कारण उपग्रहांच्या गणनेत आहे : जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते, आणि हे लक्षात न घेणारे जुने फर्मवेअर तेवढे आठवडे मागे उडी मारते. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांची घड्याळे २००२ सालात गेली होती ती यामुळेच. इथे वर्कशॉपची चूक नसते. उलट इथे अपडेट हाच उपाय आहे.

पुढच्या सर्व्हिसिंगला जाताना

गाडी देताना जॉब कार्डावर स्वहस्ताक्षरात तीन गोष्टी लिहाव्यात, आणि सही करण्याआधी त्याचा फोटो घ्यावा : सुरक्षा मोहिमेव्यतिरिक्त कोणताही अपडेट फोनवर विचारल्याशिवाय करू नये; केल्यास मोड्यूलनिहाय जुनी-नवी आवृत्ती द्यावी; आणि आधीचे व नंतरचे फॉल्ट कोड न पुसता छापून द्यावेत. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कोड पुसले की कोणता दोष किती किलोमीटरवर नोंदला गेला ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते, आणि पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. सर्व्हिस अॅडव्हायझर घाईत असतो हे मान्य आहे. म्हणून ही विनंती सकाळच्या गर्दीत तोंडी न करता आदल्या दिवशी बुकिंगच्या संदेशातच करावी. चतुर्थीच्या आधीचा आठवडा अपडेटसाठी शक्यतो टाळावा, त्या दिवसांत कुणाकडेही नीट रोड टेस्ट करण्याइतका वेळ नसतो. आदल्या रात्री बॅटरी भरून ठेवणे हे आपले काम.

इतके करूनही तोच बिघाड परत आला तर क्रमाने वर जावे. आधी वर्कशॉपच्या सर्व्हिस मॅनेजरला ईमेल, मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडे चासी क्रमांकासह तक्रार आणि तिचा क्रमांक. ईमेलमध्ये “गाडी बरोबर नाही” असे मोघम न लिहिता तारीख, किलोमीटर, सकाळचे व्होल्टेज, आवृत्ती आणि लक्षण कोणत्या परिस्थितीत दिसते ते लिहावे. अशा ईमेलला टेक्निकल विभागाकडून उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला आहे, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सेवेतली त्रुटी सिद्ध करताना तोंडी आश्वासने उपयोगी पडत नाहीत. जॉब कार्डे, आवृत्त्यांचे फोटो आणि कोडांची छापील पाने उपयोगी पडतात.

हमी संपत आली असेल तर एक दक्षता घ्यावी. बिघाड अधूनमधून दिसणारा असला आणि त्या दिवशी दिसत नसला तरी हमीच्या शेवटच्या तारखेआधी गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन ती तक्रार जॉब कार्डावर नोंदवून घ्यावी आणि त्याची प्रत मागून घ्यावी. हमीच्या काळात नोंदलेली आणि न सुटलेली तक्रार पुढे उद्भवली तर तिच्या दुरुस्तीचा खर्च कंपनीने उचलावा, हे त्या कागदाच्या आधारे ठामपणे मागता येते.